यादीतली बातमी

(पेइ-युन सोलमध्ये, तिचे वडील ताइनानच्या घरी. संध्याकाळचा फोन.)

बाबा: ‘कामात होते, बाकी सगळं ठीक.’ दोन महिने तुझ्या वाचकांसाठीच्या मासिक पत्राचा पत्ता नाही, आणि आज आलं तर त्यात तुझी बातमी एवढीच?

पेइ-युन: वाचकांना आणखी काय सांगायचं, बाबा? पत्रकार परदेशात काय जेवते, याचं कुणाला पडलंय? त्यांना खालची यादी हवी असते. काय बघावं, काय वाचावं.

बाबा: मीही वाचकच. मार्चच्या यादीत सगळं ऐकायचंच होतं. बुसानच्या कोळणींच्या गप्पा, ती दीपगृहाची रेडिओमालिका. एक पुस्तक नाही, एक सिनेमा नाही.

पेइ-युन: त्या महिन्यात ऐकणं जास्त झालं.

बाबा: आणि नऊ अक्षरं चुकलेली. चाळीस वर्षं प्रूफं तपासलीत मी. तुझ्या शाळेच्या निबंधातही कधी दोनाच्या वर चुका सापडल्या नाहीत.

पेइ-युन: घाईत झालं असेल.

बाबा: कुठला डोळा?

पेइ-युन: डावा.

बाबा: काय झालं होतं?

पेइ-युन: आतला पडदा सुटला. लगेच ऑपरेशन. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात, तो पडद्याला दाबून धरतो. दहा दिवस पालथं पडून राहायचं. जेवणसुद्धा मान खाली घालून.

बाबा: जेवायला कोण देत होतं?

पेइ-युन: घरमालकीणबाई. रोज कोंबडीची पेज, आणि वर टोमणा, ‘पोरी, सुई हरवलीय का? किती शोधशील?’

बाबा: म्हणजे घरमालकिणीला माहीत. बापाला नाही.

पेइ-युन: तुम्ही तो दुखरा गुडघा घेऊन विमानात बसला असतात.

बाबा: बसलो असतो. मग?

पेइ-युन: मार्चमध्येच कळलं होतं, तर विचारलं का नाहीत?

बाबा: दर रविवारी फोनवर विचारत होतो. तू ‘ठीक’ म्हणत होतीस. वर आणखी काय विचारणार?

पेइ-युन: आणि आईच्या वेळी तुम्ही काय म्हणत होतात? मी जपानात भूकंपाच्या बातम्या देत होते. रोज विचारायचे, रोज तुमचं एकच, ‘जरा सर्दी झालीय.’ तीन आठवडे सर्दी. मी पोचले तेव्हा ती ओळखतही नव्हती मला.

बाबा: तिनेच बजावलं होतं, पोरीचं काम मोडू नका म्हणून.

पेइ-युन: माहीत आहे. तरी सांगायला हवं होतं तुम्ही.

बाबा: हो. हवं होतं.

पेइ-युन: सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणालात हे.

बाबा: तूही पहिल्यांदाच विचारलंस. आता दिसतं का, ते सांग आधी.

पेइ-युन: दिसतं, बाबा! काल डॉक्टर म्हणाले, बुडबुडा पूर्ण विरला, पडदा घट्ट बसलाय. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली मी. बाहेर येऊन बसथांब्यावर रडले. मग तिथल्या जाहिराती वाचत बसले. टक्कल घालवायच्या तेलाचीसुद्धा. तीन बस सोडल्या.

बाबा: थांब. खुर्ची ओढू दे. … हां, बसलो. म्हणून आज एकदम सहा सिनेमे! ती सार्वजनिक न्हाणीघर चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट सगळ्यात वर. ते वाचलं आणि फोन उचलला.

पेइ-युन: आधी तोच बघा. शेवटी रडू येतं, पण बरं वाटतं.

बाबा: बघीन. पुढच्या महिन्यानंतर.

पेइ-युन: पुढच्या महिन्यात काय आहे?

बाबा: काही नाही गं.

पेइ-युन: बाबा.

बाबा: मोतीबिंदू. काढायचाय. अठरा तारखेला.

पेइ-युन: आणि हे कधी सांगणार होतात?

बाबा: तुझं काय चाललंय ते कळल्यावर.

पेइ-युन: मग त्या नऊ चुका कशा सापडल्या?

बाबा: संगणकावर अक्षरं चौपट मोठी करून. एक पत्र वाचायला अख्खी दुपार जाते.

पेइ-युन: धन्य आहात! दवाखान्यात कोण येणारे बरोबर?

बाबा: कोण कशाला? अर्ध्या तासाचं काम. टॅक्सी करीन.

पेइ-युन: मी येते. बुडबुडा असेपर्यंत विमान बंद होतं, आजपासून परवानगी आहे मला. दोन आठवड्यांनी इथे शेवटची तपासणी, ती झाली की निघते. महिनाभर राहते. लिहायला काय, तिथूनही लिहिता येतं.

बाबा: तुझं काम…

पेइ-युन: बाबा, नीट सांगा. येऊ का?

बाबा: ये.

पेइ-युन: बस्स, एवढंच हवं होतं.

बाबा: तुझ्या पलंगावर आंब्याच्या पेट्या ठेवल्यात. त्या हलवायला हव्यात.

पेइ-युन: अहो, दोन आठवडे आहेत अजून.

बाबा: असू दे. आत्ताच हलवतो.