गव्हाला फोलपट नसतं

...आणि वर तो विटुस मलाच विचारतो, "कोर्बी, गहू उजळ देऊ की गडद?" आता मला काय ठाऊक! तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मी त्याच्या माल्टच्या, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, दुकानात गेलो ते फक्त पोती उचलायला. निवडायचं काम बुर्गीचं. बुर्गी म्हणजे माझी बायको, वाल्बुर्गा. एकेका पिंपात हात घालायची, चार दाणे तोंडात टाकायची, डोळे मिटून चावायची आणि म्हणायची, "हं, हा नको, हा जुना आहे." विटुसचं तोंड एवढंसं व्हायचं! मी आपला दारात गाडीची किल्ली फिरवत, "झालं का गं? झालं का?" आता तीच गेली म्हटल्यावर कोणाला विचारू, उजळ की गडद?

गेली म्हणजे गेलीच हो. मागच्या वसंतात. आणि बघता बघता तिच्या वर्षाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, जवळ आली. आमच्याकडे मिस्सा झाली की सगळी भावकी घरी येते, पांढरी सॉसेजं, गोडी मोहरी, ब्रेझल, आणि गव्हाची बिअर. आमच्या घरी गव्हाची बिअर म्हणजे बुर्गीची, तळघरात केलेली. विकतची बाटली या उंबऱ्याच्या आत आली नाही कधी. तर बुर्गीची थोरली बहीण, अफ्रा... आवाज असा की चर्चमध्ये घंटा नसती तरी चाललं असतं... ती मला म्हणते, "अरे कोर्बी, दोन क्रेट आण विकतचे नि मोकळा हो! तुला अंडं उकडता येत नाही, तू बिअर करणार?"

म्हटलं, अफ्राताई, तिच्याच मिस्सेला विकतची बिअर ठेवली ना, तर मग ती खरंच गेली असं होईल... हे मनात हं! तोंडानं म्हटलं, "बघतो."

म्हणून गेलो दुकानात. बरं, बुर्गीनं कधी कुठे लिहून ठेवलं असेल तर शपथ! सगळं तिच्या जिभेवर. विटुस म्हणतो, "उजळ गहू आहे, गडद गहू आहे, जव फिकट आहे, म्युनिकचा भाजका आहे, ओट आहेत, राय आहे, धुरी दिलेला आहे..." अरे थांब! मीसुद्धा तिच्यासारखे चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले, चावले... कवळी हलली! चव? सगळ्यांची एकच. खरं सांगू? वर्षभर मला कशाचीच वेगळी चव लागलेली नाही.

मग मी काय करावं? मला आठवलं, बुर्गी गव्हाच्या पिंपाशी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळायची. म्हटलं, तिला गहू आवडायचा ना? मग गहूच दे! नुसता गहू! जव बिव काही नको, तिच्या बिअरमध्ये तिच्या आवडीचंच जाणार! विटुस डोळे विस्फारून म्हणतो, "नुसता? अरे, निम्मा तरी जव घे! गव्हाला फोलपट नसतं!"

आता हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! दरवेळी पातेल्यात जव ओतताना बुर्गी म्हणायची, "गव्हाला फोलपट नसतं, कोर्बी. त्याला एकटं सोडू नये." आणि तेच वाक्य त्या विटुसच्या तोंडून ऐकलं, आणि माझं डोकंच फिरलं हो! म्हटलं, तू कोण मला तिचं वाक्य सांगणारा? गव्हाचं पोतं खांद्यावर घेतलं, आणि आलो घरी. तरातरा.

शनिवारी बसलो तळघरात. भरड केली, गरम पाण्यात घातली, तासभर ढवळली. वास काय सुटला म्हणता! वाटलं, आता जिन्यावरून हाक येणार, "कोर्बी, पाय पुसून आलास का?" मग तळाशी जाळी असलेल्या मोठ्या पातेल्यात सगळं ओतलं. आता तोटी उघडायची, की गोड पाणी खाली झुळुझुळु... उघडली. थेंब नाही! हलवली. थेंब नाही! आत डोकावून बघतो तर काय, खळ! भिंतीला कागद चिकटवायची खळ असते ना, तस्सं! जवाची फोलपटं असली की पाणी त्यांच्यामधून वाट काढतं. गहू बसला एकमेकांना चिकटून, आणि वाट बंद. गव्हाला फोलपट नसतं! आता पटलं! पण पटून काय उपयोग?

विटुसला फोन केला. "विटुस, चिकटलं रे." मेला हसतो! "सांगितलं होतं ना? फोलपटं घाल आता. खपली गव्हाची, त्याला असतात. धुऊन घाल. सोमवारी ये, देतो." अरे, सोमवारी? शनिवारी दुपारनंतर आमच्याकडे काही केल्या दुकान उघडत नाही, आणि सोमवारपर्यंत ती खळ आंबून कुत्रंही हुंगायचं नाही! एवढ्या गावात ऐन वेळी खपलीची फोलपटं आणू कुठून? उशीतून काढू?

...उशीतून.

तुम्हाला सांगतो, मी जिन्यावरून वर बघितलं, झोपायच्या खोलीकडे.

बुर्गीची उशी खपलीच्या फोलपटांची. मान दुखते म्हणून आमच्या बायका घेतात तसली. ती कूस बदलायची की सर्र... सर्र... मी चिडायचो, "उशी आहे की उंदरांचं लग्न?" आणि आता? आता झोपताना मी हात लांब करून ती उशी एकदा हलवतो. आवाज आला की मग झोप येते. हसा, हसा! अफ्रा कितीदा म्हणाली, "धुवायला दे ती, वास मारतेय." म्हटलं, हात लावून बघा!

आणि ती उशी फोडायची? तिची उशी ठेवू की तिची बिअर? सांगा ना! तुम्ही काय केलं असतं?

घेतली कात्री. गेलो वर. उशी उलटी केली... तर तिला बटणं! उशीच्या आतल्या पिशवीला बटणं कशाला हो? शिवून टाकतात ना ती! आणि मग मला आठवलं. दर वर्षी बुर्गी म्हणायची, "कोर्बी, उशीतली फोलपटं कमी झाली रे, नवी आण." मी म्हणायचो, "उशी खातेस की काय?" तर म्हणायची, "खात नाही, पिते. तूही पितोस." आणि मी हसायचो! विनोद म्हणून! अहो, ती खरं सांगत होती! एवढी वर्षं माझ्या तोंडावर खरं सांगत होती आणि मी खो खो हसत तिचीच बिअर पीत होतो!

मग फोलपटं काढून धुतली, नंतर तासभर उकळतं ते सगळं, काळजी नको. पण धुण्याआधी नाक घातलं त्यात. खूप वेळ. तिच्या केसांचा वास होता अजून. एक मूठ तरी मागे ठेवावी म्हटलं, पण तोटी अडखळत होती... घातली तीही. आणि सुटली हो धार! झुळुझुळु! मी तिथेच, हातात रिकामी खोळ, लहान पोरासारखा रडलो.

बिअर मुरली, आणि मिस्सेच्या दिवशी अफ्रानं पहिला घोट घेतला. आणि गप्प! ही बाई, गप्प! "जरा घट्ट झालीये," म्हणाली. दुसरा घोट घेतला. मग ग्लास नाकाशी नेला. "पण तिचीच आहे रे. बुर्गीचीच. काय घालायची ती यात? मला सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही कधी." आता काय सांगू? बाई, तुम्ही तीस वर्षं माझ्या बायकोची उशी पिताय? मिशीवरचा फेस पुसला, म्हटलं, "गहू. नुसता गहू."

पण उशी रिकामी केली ना, त्या रात्री हात लांब केला... आवाजच नाही. रिकामी खोळ. सोमवारी विटुसकडून नवी फोलपटं आणली, भरली, बटणं लावली. आवाज येतो, नाही असं नाही. पण नव्या फोलपटांना वास कुणाचाच नाही हो. त्यावर वर्षभर कुणीतरी झोपायला लागतं. आणि गव्हाला फोलपट नसतं, त्याला एकटं कसं सोडणार? म्हणून आता मीच झोपतो त्यावर. मान धरते, कानाशी उंदरांची वरात... चालायचंच. पुढच्या मिस्सेच्या बिअरला माझ्या टकलाचा वास येणार.

पहिला ग्लास अफ्राताईंना.