ओठांचा रंग

(दवाखान्याचा जिना. लिफ्ट बंद आहे.)

सासू : थांब जरा. आता एकच मजला. तोंड इकडे कर.

सून : काय... आहे ते?

सासू : लिपस्टिक.

सून : तुमच्या पर्समध्ये? लग्नात मी लावली... तर आठवडाभर बोलला नव्हतात.

सासू : तेव्हा तुझे ओठ असे निळे नव्हते पडत. हलू नकोस. आणि वर गेल्यावर हृदयाचा विषय काढायचा नाही. ठरलंय ना आपलं?

सून : तुमचं... ठरलंय.

सासू : अगं, कळलं की मूल होण्याचे उपचार करणारी ही डॉक्टरीणबाईसुद्धा हात वर करेल. त्या हृदयवाल्या डॉक्टरसारखी.

सून : त्यांनी कुठे केले हात वर? स्वतःच्या पोटात वाढवलंस तर... वाचणार नाहीस, म्हणाले. बीज तुझं, पोट दुसरीचं... हा विचार करता येईल. तोही मोठ्या हॉस्पिटलात, ते स्वतः... शेजारी असताना. नाहीतर दत्तक.

सासू : दुसरीच्या पोटातलं आपलं कसं गं वाटणार? नऊ महिने तर काढायचे. मी नाही काढले?

सून : तुम्ही हा जिना... न थांबता चढलात.

सासू : टोमणे मारायला बरा दम पुरतो तुला!

सून : तेवढाच उरलाय. तुमचे चिरंजीव कुठे आहेत?

सासू : गाडी लावतोय.

सून : अजून?

सासू : त्याला नाही सोसत हे दवाखाने. खरं सांग, तुला नकोच आहे का मूल?

सून : हवंय. तुमच्याहून जास्त... हवंय. पण त्याला बघायला मीही हवी ना, आई.

सासू : काही होत नाही. चल. नखांवरचा रंगही छान झाकतोय सगळं. हसतमुख राहा, दार आलं.

नर्स : या, बसा. बोट द्या बघू, ऑक्सिजन मोजते. अरेच्चा, यंत्र आकडाच दाखवेना. हे गडद नेलपॉलिश काढावं लागेल.

सासू : राहू दे ना, सिस्टर. आज सकाळीच लावून दिलंय मी. चांगली ठणठणीत आहे ती.

नर्स : सासूबाईंनी लावून दिलं? नशीबवान आहात हो!

सून : हो ना. सिस्टर... कापूस जरा जास्त द्याल?

नर्स : एका बोटाला कितीसा लागतो?

सून : ओठही पुसायचेत.