जप्त झालेल्या चार फ्रेमी आणि शुक्रवारचे लग्न

नाव: अलकनंदा विजयकुमार राजहंस. वय: ६६ वर्षे. व्यवसाय: निवृत्त, सैनिकी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासनीस म्हणून एकतीस वर्षे नोकरी. शिक्षण: बी.एस्सी., रसायनशास्त्र. राहणार: सदनिका ७, दुसरा मजला, वेलचेरी, चेन्नई. तमिळ बोलते, लिहिता येत नाही. म्हणून उपनिरीक्षक वेंकट यांच्या परवानगीने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिते.

समक्ष हजर राहून सांगते ते असे:

आमच्या इमारतीचे सचिव रामस्वामी यांनी, आम्ही घरात निवडणुकीचा प्रचार छापतो, अशी तक्रार केली. त्यावरून काल सोमवार, दि. ६ एप्रिल रोजी सकाळी ९.४० वाजता निवडणूक पथकाचे दोघे व दोन पोलीस सदनिका ८ मध्ये आले आणि छपाईच्या चार फ्रेमी, एक चादर व इतर सामान घेऊन गेले. त्यातल्या एका फ्रेमवर शुक्रवारच्या लग्नाच्या तांबूल पिशव्यांचा मजकूर आहे. लग्नघरातून निघताना पाहुण्याला नारळ आणि विडा घालून देतात त्या या पिशव्या. अडीचशे पिशव्या गुरुवारी संध्याकाळी मंडपात पोहोचवायच्या आहेत. आज मंगळवार आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले. एरवी मला पुष्कळ कामे आहेत.

सदनिका ८ मध्ये विद्यालक्ष्मी बालाजीराव, वय ६१, एकट्या राहतात. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या आहेत. यजमान वारले. मुलगा सुधींद्र सिरुसेरीला संगणक कंपनीत आहे व आईने त्याच्या एकोणिसाव्या मजल्यावर येऊन राहावे असे त्याचे म्हणणे आहे. पोंगलच्या सुट्टीत तो माझ्यासमोर म्हणाला, "अम्मा, काहीतरी करीन करीन म्हणतेस. एप्रिल संपायच्या आत एक तरी काम पुरं करून दाखव. नाहीतर सामान बांध." विद्यालक्ष्मी म्हणाल्या, "सरी, ठीक." सिरुसेरी काही फार लांब नाही. पण आम्ही अकरा वर्षे चार वाजता चहा एकत्र घेतो, आणि तेवढ्यासाठी तिकडून रोज कोणी येत नाही. उपनिरीक्षकांनी "तुमचा यात संबंध काय?" असे विचारले म्हणून हे लिहिले. प्रकरणाशी याचा संबंध नाही.

ते एक काम म्हणून विद्यालक्ष्मींनी जाळीने कापडी पिशव्या छापायचे ठरवले आणि सामान निवडण्याचे काम मी अंगावर घेतले. विद्यालक्ष्मींना इथल्या पॅरिस नावाच्या बाजारभागातल्या एका दुकानदाराने चार हातांचे फिरते यंत्र दाखवले आणि त्या लगेच पर्स उघडू लागल्या. मी विचारले, "रंग किती छापायचे आहेत?" म्हणाल्या, "एकच." मी म्हटले, "मग तीन हात कोणाला वारा घालणार?" दुकानदाराने यंत्रावर पुन्हा कापड टाकले.

नवशिक्याला लागते ते एवढेच: जाळी ताणलेली फ्रेम, शाई ओढायची रबरी पट्टी, जाळीवर लावायचे, उजेडात घट्ट होणारे इमल्शन, शाई आणि फ्रेम टेबलाला धरून ठेवायला दोन बिजागऱ्या. उजेड देणारी पेटी घेतली नाही. चेन्नईत ऊन फुकट आहे. फ्रेमी नव्या घेतल्या नाहीत. तिरुवल्लिकेणीत एक जुना छापखाना बंद होत होता, तिथून चार वापरलेल्या घेतल्या. लाकूड वाकले आहे का आणि जाळी ढोलासारखी वाजते का, ते मी प्रत्येक फ्रेमवर टिचकी मारून पाहिले. चारही पास केल्या.

जुना छाप काढायची बाटली त्याच दुकानात होती. विद्यालक्ष्मी म्हणाल्या, "अक्का, हे बी घेऊ." मी नको म्हटले. घरातल्या ब्लीचने तेच काम होते, हे मी रसायनशास्त्राची पदवीधर म्हणून त्यांना सांगितले. तीन फ्रेमींवर झालेही. चौथीवर वाळक्या शाईचा थर होता. तो सुटावा म्हणून आम्ही पातळ शाई तीतून माझ्या एका जुन्या चादरीवर पुन्हा पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळेपासून एक मिशीवाले गृहस्थ दिसू लागले. हात जोडलेले, शेजारी शिवणयंत्राचे चिन्ह, खाली तमिळमध्ये मत देण्याची विनंती. अकराव्या वेळेस ते अगदी स्वच्छ आले. तिथे आम्ही थांबलो. ती बाटली घेतली असती तर हे घडले नसते. ती चूक माझी आहे, विद्यालक्ष्मींची नाही, हे स्पष्ट नोंदवावे.

चादर टाकून द्या असे मी सांगितले होते. विद्यालक्ष्मी कापड टाकत नाहीत. त्यांनी ती धुऊन शनिवारी गच्चीवर, रामस्वामींच्या वडामांच्या, म्हणजे तांदळाच्या सांडग्यांच्या, शेजारी वाळत घातली. शाई पक्की असल्यामुळे नऊही गृहस्थ तसेच राहिले.

रामस्वामी खाली येऊन मला म्हणाले, "मॅडम, आचारसंहिता चालू आहे. गच्चीवर सभा भरवली आहे तुम्ही."

मी म्हटले, "विचारा की त्यांना, कोणत्या पक्षाचे आहेत ते."

हे बोलायला नको होते. विनोद त्यांना कळला नाही आणि त्यांनी रविवारी तक्रार केली.

आज सकाळी ११ वाजल्यापासून आम्ही दोघी ठाण्यात बसलो आहोत. साडेबारापर्यंत कोणीही चादर उलगडून पाहिली नव्हती. मी तीन वेळा विनंती केली. शेवटी कॉन्स्टेबल अलमेलू यांनी ती बाकावर पसरली आणि म्हणाल्या, "अय्यो, हे तर आमच्या गल्लीतले टेलर मामा!" त्यांच्या सांगण्यानुसार हे गृहस्थ पंधरा वर्षांपूर्वी वॉर्डाच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले, हरले, आणि वारल्यालाही आता आठ वर्षे झाली. अलमेलू यांचा शाळेचा गणवेश त्यांनीच शिवला होता.

उपनिरीक्षक वेंकट यांनी कागदपत्र पाहून खात्री केली. मग विचारले, "म्हणजे हे आता उमेदवार नाहीत?"

"सर, ते आता नाहीतच," अलमेलू म्हणाल्या.

तरीही लग्नाच्या फ्रेममधून नेमके काय छापले जाते ते समोर दाखवा, असा आग्रह झाला. ते रास्त होते. मीही तेच मागितले असते. विद्यालक्ष्मी यांनी ठाण्याच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून एक पिवळी पिशवी ठेवली, फ्रेम टेकवली आणि पट्टी ओढली. एका दमात, न थांबता. जानेवारीत मध्येच थांबत असत. फ्रेम उचलल्यावर वाणी व कौशिक ही नावे, तारीख आणि समई, सर्व किरमिजी रंगात, कडा धारदार. त्याशिवाय वाणीच्या नावाच्या डाव्या अंगाला मसुरीएवढा एक ठिपका.

फ्रेम उजेडात धरली. जप्तीचे लेबल बांधताना पथकाच्या माणसाने तार लाकडाला न गुंडाळता जाळीतून ओवली होती. लाकूड चारही बाजूंनी मोकळे असताना त्याला जाळीच सापडली. यावर मी जे बोलले ते मराठीत बोलले, म्हणून ते नोंदीत आले नाही.

नवी जाळी ताणून, इमल्शन लावून, वाळवून, उन्हात धरून पुन्हा सर्व करायला दोन दिवस लागतात. मी म्हटले, "खालून चिकटपट्टी लावू. शंभर पिशव्यांपर्यंत टिकेल, मग बदलू."

विद्यालक्ष्मी पिशवीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कशाला, अक्का? नवरीच्या गालाला दृष्टीचा ठिपका लावतातच की. राहू दे. वाणीची आई खूश होईल."

अलमेलू यांनी मान डोलावली. वेंकट यांनीही. लगेच फोन करून वाणीच्या आईला विचारले. तीही तंजावरकडचीच. म्हणाली, "अस्क, सगळ्या पिशव्यांवर येईल ना? एकीवर आहे, दुसरीवर नाही, असं नको."

सुटलेल्या एका टाक्यासाठी मी एकतीस वर्षांत गणवेशांचे गठ्ठे परत पाठवले आहेत. हा माल मी पास केला.

रामस्वामी यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी वडामांची थाळी वर्षभर गच्चीच्या दारात ठेवू नये, एवढे वेंकट यांनी त्यांना तोंडी सांगावे.

हा जबाब मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, आणि विद्यालक्ष्मी यांनी तो ओळीओळीने तमिळमध्ये सांगितला. दोन ठिकाणी त्यांनी तो सौम्य केला. मी तिथेच थांबवून दुरुस्त करून घेतला. आता तो मी सांगितला तसाच आहे.

परत मिळाले: फ्रेमी तीन, पैकी एक छिद्रासह, रबरी पट्टी एक, किरमिजी शाई, डबा अर्धा, बिजागऱ्या दोन, कोऱ्या पिशव्या, मोजून दोनशे एकोणपन्नास.

ठाण्यात ठेवले: छापलेली पिशवी एक, ठिपक्यासह, फाईलसाठी. लग्नासाठी एक जादा पिशवी आम्ही विकत घेऊ.

परत घेतले नाही: चौथी फ्रेम व चादर. दोन्ही कॉन्स्टेबल अलमेलू यांनी टेलर मामांच्या मुलीसाठी मागितली. त्यांना दिली, पावती घेतली नाही.

सर्व सामान विद्यालक्ष्मी यांच्या हाती मिळाले. वेळ दुपारी ३.२०. रिक्षा बोलावली आहे. चारच्या आत घरी पोहोचायचे आहे.

(सही) अलकनंदा राजहंस