काठाला हात लावू नका

— तयार नाही. खोटं कशाला बोलू डॉक्टर, तुमची पँट अजून कापलेलीसुद्धा नाही, ते बघा कापड, मशिनीवर घडी तशीच पडलीय. पण आलाच आहात तर बसा. त्या स्टुलावर नको, तिथे टाचण्या आहेत — इथे बाकावर, ही गोधडी सरकवतो. सरकवतो म्हणजे तुम्हीच धरा हा कोपरा, घ्या मांडीवर. घट्ट नका धरू, नुसता आधार द्या, खाली लोंबली की ओढ बसते आणि टाका तिरका जातो. हां, असं.

मी केलेली? छे हो. आमच्या हिने. अकरा वर्षं करतेय. कागदाचा सहा कोनांचा तुकडा कापायचा, नाण्यापेक्षा जरासा मोठा, त्याच्यावर कापड दुमडून टाचायचं, आणि मग कडेला कड लावून एकेक तुकडा हाताने जोडत जायचं. चहूबाजूंनी जोडला गेला की आतला कागद काढायचा. कागद कुठला, तर माझ्या जुन्या मापाच्या वह्यांचा. कडेच्या तुकड्यांत अजून आहेत बघा — छाती चाळीस, कंबर बत्तीस — अरे, हे तर तुमचंच नाव. बत्तीस. कधीची म्हणायची ही कंबर? जाऊ दे, मी कुणाला सांगत नाही. आणि कापड — कापड काय, दुकानात उरतं थोडंफार. तो हिरवा तुकडा का निरखताय? हिरवं अस्तर जगात काय एकाच कोटाला असतं? … बरं, तुमचंच आहे. मी काय म्हणालो होतो, जेमतेम पुरलं. पुरलंच ना? जेमतेम पुरलं आणि चिमूटभर उरलं.

तर तीन आठवड्यांपूर्वी ही गेली लेकीकडे, बाळंतपणाला. जाताना दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "गोधडीच्या काठाला हात लावू नका." गॅस बंद करा नाही, वेळेवर जेवा नाही — काठाला हात लावू नका. मला मेलं काय पडलंय, मी आयुष्यात कधी तिच्या गोधडीकडे बघितलं नव्हतं. ती अकरा वर्षं म्हणत होती, "अहो, काठाचं काहीतरी सांगा, तुम्ही एवढे शिंपी." मी म्हणायचो, बघू. पण ती गेली आणि ते वाक्य डोक्यात बसलं. तिसऱ्या दिवशी काढली कपाटातून, पसरली त्या कापायच्या टेबलावर. आणि डॉक्टर, तो काठ. सहा कोनांचे तुकडे, म्हणजे कड सरळ येणारच कशी — सगळीकडे टोकं. दात, दात. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा धंदाच तो. मी चाळीस वर्षं सरळ शिवण घालणारा माणूस, माझ्या डोळ्यांना ते सहन होईना. म्हटलं, हिला चकित करू. पट्टी ठेवली, खडूने रेघ मारली, मोठी कात्री घेतली — आणि चारही बाजू सरळ. आतल्या कागदांसकट. कर्र, कर्र, कर्र. तुम्ही एक दात काढायला दहा वेळा विचार करता, मी एकशे बारा काढले, एका दमात. आणि भूल कुणाला देणार होतो?

अर्धा तास काय छान वाटलं. काठ असा, वहीच्या पानासारखा. मग उचलली, झटकली, आणि तुकडे सुटायला लागले. हाताची शिवण ती, मध्येच कापली की दोरा धरायचा कुणी? एक सुटला, त्याच्यामागे शेजारचा. मी नुसता टाचण्या मारत फिरतोय टेबलाभोवती. आणि तेवढ्यात फोन. हिचाच. नातू झाला, वजन चांगलं आहे, रडतो खूप, सगळं सांगून झालं आणि म्हणते, "शेवटची ओळ बघितलीत का?" मी म्हटलं, "बघितली, छान आहे." "काय दिसलं?" आता काय सांगणार? म्हटलं, "छान आहे." "मग परत बघा," म्हणाली आणि ठेवला फोन.

दोरा संपला. जरा ओवून द्या, तुमचे डोळे बरे आहेत. हां.

परत बघायला ती ओळ होती कुठे, अर्धी केराच्या टोपलीत. काढली टोकं एकेक करून, मांडली खिडकीशी उजेडात. आणि मग ओळखलं. हा मोरपंखी — लग्नानंतर मी तिला शिवलेला पहिला ब्लाउज. एक बाही लांब झाली होती, तशीच घालून मिरवली होती बिचारी. हा पिवळा, लेक झाली त्या वर्षीचा. सगळे तिचेच ब्लाउज, वर्षाला एक, ओळीने लावलेले. बाकीच्या गोधडीत तुमची-आमची अस्तरं, पण शेवटची ओळ फक्त मी तिच्यासाठी शिवलेल्या कपड्यांची. आणि मी माझंच शिवलेलं ओळखलं नाही, कात्री चालवली. बरं, ते असो. खरी गंमत पुढे आहे. शेवटच्या कोपऱ्यात चार कापडं माझ्या ओळखीचीच नाहीत. जांभळं, एक बुट्ट्यांचं, अशी. चार वर्षांची चार. मी म्हटलं, ही कुणी शिवली?

समोरच्याने. हो, तोच, काचेच्या दाराचं दुकान; हिच्या ट्रंकेत ते ब्लाउज सापडले, आत त्याच्या दुकानाची पट्टी. माझी बायको, डॉक्टर, गेली चार वर्षं समोरच्या शिंप्याकडून ब्लाउज शिवून घेतेय, आणि मला पत्ता नाही. दुकानात माझ्यासमोर घालून बसलेली असते. मी म्हणायचो ना तिला, गिऱ्हाइकाचं होऊ दे, तुझं उद्या बघतो. तसं चार वर्षं म्हणत होतो वाटतं.

मग काय, टोकं पुन्हा लावायची म्हणजे कापलेले तुकडे काढून त्याच कापडाचे नवे लावायला हवेत. कापड आणायचं कुठून? त्याच ट्रंकेत बाकीचे जुने ब्लाउजही होते. मी शिवलेल्याला आत माया असते, दोन-अडीच बोटं, जादा कापड शिवणीत दाबून ठेवतो मी, पुढेमागे सैल करता यावं म्हणून. ती उसवून उसवून तुकडे काढले. समोरच्याच्या ब्लाउजला माया अर्धा इंच. अर्धा इंच. यात काय निघणार, मुंगीची चड्डी? शेवटी गेलो त्याच्याकडे. चाळीस वर्षांत त्याची पायरी चढलो नव्हतो. म्हटलं, जांभळ्या कापडाचा तुकडा असेल तर द्या. तो मान वर न करता म्हणतो, "वहिनींचं ना? घ्या त्या पिशवीतून." आणि मी निघताना म्हणतो, "वहिनींना गळा मागून खोल आवडत नाही, मान दुखते त्यांची गारव्याने. तुम्हाला माहीत असेलच." मी म्हटलं, माहीत आहे. मला काय माहीत.

दहा दिवस दुकान उघडं ठेवून बंद आहे. एकशे तीन टोकं लागली, नऊ राहिली. मग पाठीचं कापड टोकाटोकाला आत वळवून टाकायचं, की झालं. ती उद्या दुपारच्या गाडीने येतेय. तिला काही कळणार नाही. तेच कापड, तेच कागद, माझा हात काही वाईट नाही — मागे काय बघताय?

अगं. आज कशी? सकाळची गाडी मिळाली. बरं झालं. पिशवी ठेव ना खाली. हे? हे डॉक्टर, पँटचं विचारायला आलेत. ही गोधडी — ती अशीच, उन्हात घालावी म्हणून काढली. सुई? सुई असते शिंप्याच्या हातात.

हो. लावला हात. कापली. सगळीकडून. … रागाव ना. काय? "मला वाटलंच होतं" म्हणजे? वाटलं होतं तर मग हात लावू नका असं कशाला — थांब. थांब जरा. अकरा वर्षं लावा म्हटलं तर लावला नाही, म्हणून लावू नका म्हणालीस? उघडून बघावी एवढ्यासाठी? डॉक्टर, ऐकताय ना? आणि ती जांभळी चार, तीही मला दिसावीत म्हणून? … कापीन असं वाटलं नव्हतं. ते मलाही वाटलं नव्हतं.

कुठे मोठे आहेत टाके? दाखव. हा? हा एक जरा मोठा आहे. हाही. ही सगळी बाजू? उसवू? सगळी? अगं, बोटं बघ माझी… बरं. बरं, उसवतो. तू बस, प्रवासातून आलीस. नाही, तिकडे टाचण्या आहेत, इथे बस.

डॉक्टर, उठा. कोपरा द्या तिच्याकडे. हसायला काय झालं? पँटचं मी निरोप पाठवीन, आणि एक काम करा, जाताना दार बाहेरून ओढून घ्या.