आतल्या कॉम्प्युटरचं घड्याळ

नव्व्याण्णव साल. रोहा स्टँडवर धाटावच्या बसची वाट बघताना मागच्या बाकावर आमच्या कंपनीतला धाकू आणि त्याची बहीण हौसा बोलत होती.

"दादा, नोटीस मागं घेतली म्हणजे नोकरी राहिली ना?"

"व्हय गो. ज्युडिथबाईंनी राखली. कॉम्प्युटरच्या खोलीत असतात त्या."

"पण तू टाकीची वाफ लवकर बंद केलीस असं कॉम्प्युटरच्या कागदावर छापलं होतं ना?"

"मी बरोबर बाराला बंद केली. कागदावर अकरा एकोणपन्नास आलं. साहेब म्हणाले, मशीन खोटं बोलत नाय."

"मग?"

"बाई म्हणाल्या, मी बघते. जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालंना, म्हणून नव्याच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवलाय."

"पोटात दुसरा?"

"खरा नाय, नुसता पडद्यावरचा. त्याचं घड्याळ वेगळं, कागदावर तीच वेळ छापते. बाहेरच्यावर कामाचा भार आला की आतलं मागं पडतं. बाई अख्खी शिफ्ट दोन्ही घड्याळांची वेळ लिहीत बसल्या. डबासुद्धा उघडला नाय."

"सापडलं?"

"अकरा मिनिटांचा फरक! कागद साहेबांपुढं ठेवला. आता आतलं घड्याळ दर मिनिटाला बाहेरच्याला वेळ विचारतं. तसं बाईंनीच करून दिलं."

"परक्या माणसासाठी एवढं कोण करतं, दादा? पाया पडलास का?"

"गेलो होतो गो. वाकायला लागलो, तर बाई म्हणाल्या, 'धाकू, दोन वाजत आले. शिफ्टला जा.'"