आत्याचा खरा पत्ता

...नाही पण मला एक सांगा, ‘आभासी’ हा शब्द काढला कुणी? ज्यानं काढला तो मला एकदा भेटायला हवा, फार नाही, पाचच मिनिटं. कारण तुम्हाला सांगतो, गोष्ट साधी होती हो. आमच्या हॉस्पिटलात सर्व्हर दोन. एक पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं. प्रत्येकाला आपापला पत्ता, आकड्यांचा. पहिल्याच्या शेवटी अकरा, दुसऱ्याच्या शेवटी बारा. आणि तिसरा एक पत्ता, दहा, तो कुणा एकाचा नाही. जो सर्व्हर कामावर असेल त्याच्याकडे तो आपोआप जातो. लोकांनी फक्त दहावर यायचं, आत कोण बसलंय याची चौकशी करायची नाही. या दहाला म्हणतात आभासी पत्ता. तीन महिने खपून मी हे बसवलं आणि सगळ्या विभागांना पत्र काढलं की यापुढे आभासी पत्ता वापरावा. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. ‘वापरावा’ला कुणाची हरकत नव्हती. ‘आभासी’ला होती.

कुणाची? आत्याची. सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, आणि त्याच हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबची प्रमुख. एकतीस वर्षं झाली तिला तिथं. मला चिकटवलं तिनंच, त्यामुळे मी तिला चार माणसांत मॅडम म्हणतो, आणि ती मला चार माणसांत बाळ्या म्हणते. माझं वय बेचाळीस.

तर पत्र हातात घेऊन आली. “बाळ्या, आभासी म्हणजे काय रे?”

म्हटलं, मॅडम, म्हणजे तो पत्ता कुठल्या एका मशीनचा नाही.

“म्हणजे नाहीच.”

म्हटलं, तसं नाही, आहे.

“कुठं आहे?”

म्हटलं, कधी इथं, कधी तिथं... चष्मा नाकावर ओढून बघितलं तिनं माझ्याकडे, लहानपणी परीक्षेचे मार्क सांगताना बघायची तस्सं. “आणि खरा कुठला?”

आता मी काय सांगायला हवं होतं? की बाई गं, दहाच खरा. पण आपण पडलो हाडाचे प्रामाणिक. म्हटलं, खरा अकरा. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. तुम्हाला सांगतो, आत्या वाद घालते तोवर काळजी नसते. ‘बरं’ म्हणाली की समजावं, निकाल लागला, आपल्याला कळवणार नाहीत.

पुढं महिनाभरानं पहिल्या सर्व्हरचा एक भाग बदलायचा ठरला. मेकॅनिक तळघरात, मी तिसऱ्या मजल्यावर अधीक्षकांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन, कारण मला हौस. म्हटलं, सर, भर गर्दीच्या वेळी पहिला सर्व्हर बंद करतो, कुणाला कळणारही नाही. दाबलं बटण. चार सेकंदांत दहा नंबर दुसऱ्याकडे गेला, सगळे दिवे हिरवे. म्हटलं, झालं सर.

“झालं? काहीच झालं नाही की.”

म्हटलं, तेच तर झालं, सर. आणि या वाक्यावर, मी जरा खुर्चीत मागं रेलतोय न रेलतोय, तोच फोन.

डोळ्यांच्या विभागातला कारकून. “स्क्रीन गेली हो.” मग औषधांच्या खिडकीवरच्या बाई: “मी काहीच दाबलेलं नाही हं, आधीच सांगून ठेवते.” आणि तिसरा फोन ऑपरेशन थिएटरचा. सिस्टर, अगदी हळू आवाजात: “पेशंट टेबलावर आहे. रक्तगटाचा रिपोर्ट उघडत नाही. डॉक्टर हातमोजे घालून उभे आहेत आणि माझ्याकडे बघतायत.”

दिवे हिरवे, सर्व्हर चालू, आणि पोचत कुणीच नाही? म्हटलं, सिस्टर, पत्ता कुठला टाकलाय?

“लेबलवर आहे तोच. शेवटी अकरा. मॅडम स्वतः चिकटवून गेल्या ना सगळ्या मजल्यांवर, ‘खरा पत्ता’ लिहून.”

लेबल कुठलं? रक्ताच्या नळीवर लावायचं. नळी फुटेल, लेबल निघणार नाही. आणि अशी लेबलं चौऱ्याऐंशी मशीनवर.

लॅबला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम नाहीत, तो रिपोर्ट कागदावर घेऊन चौथ्या मजल्यावर थिएटरला गेल्या. जिन्यानं. मुलगी म्हणाली, लिफ्टची वाट बघेपर्यंत मी पोचेन, म्हणाल्या... अठ्ठावन्न वय आणि दोन्ही गुडघे गेलेले. बाई पोचली. पेशंटचं ऑपरेशन वेळेवर सुरू झालं. मी तिथं अर्धा राग गिळला. अर्धाच.

कारण बाकीचं हॉस्पिटल ठप्पच होतं की. मग सुचलं: अकरावर येताहेत ना सगळे, येऊ देत, तो अकराच दुसऱ्या सर्व्हरला देऊन टाकू. दिला. फटाफट स्क्रीन उघडल्या. गोष्ट साधी होती हो. हुश्श म्हणतो तेवढ्यात आठवलं, पहिला सर्व्हर चालू झाला की तोही म्हणणार, अकरा माझा. एका म्यानात दोन तलवारी, म्हणजे परत सगळं बंद. आणि तळघरात मेकॅनिकचा फोन लागत नाही.

पळालो. लिफ्टमध्ये स्ट्रेचर, म्हणून जिन्यानं, तीन मजले अधिक तळघर, एक चप्पल वाटेतच राहिली. तर मेकॅनिकचं बोट बटणावर. “साहेब, दाबू?”

म्हटलं, दाबा, पण आधी नेटवर्कची वायर काढा.

“घाम आलाय तुम्हाला. बसा जरा.”

बसलो. पहिल्याला नवा पत्ता दिला, तेरा. आणि अकराला लावलं दोघांमध्ये फिरायला. म्हणजे बघा, आत्याचा जो खरा पत्ता तो आता आभासी झाला आणि माझा दहा बसला घरी. सोमवारच्या बैठकीत अधीक्षकांनी आत्याच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं, ते रास्तच होतं. मग माझ्याकडे वळले: “तुम्ही म्हणाला होतात, कुणाला कळणार नाही.” इतकंच.

बाहेर आल्यावर आत्यानं बाजूला घेतलं. आवाज घरचा.

“फार पळापळ झाली ना रे तुझी? आता सगळे अकरावरच आहेत?”

“हो.”

“कधी बंद पडणार नाही?”

“नाही पडणार.”

“मग हेच मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. आणि तो तुझा आभासी, तो काढलास?”

आता तिला काय सांगू, आणि कुठून सुरुवात करू? म्हटलं, काढला, आत्या.

“बरं केलंस,” म्हणाली, “नसलेल्या गोष्टीमागं माणसानं किती पळायचं?”

म्हटलं, खरंय.