देवळातली शाळा आणि प्लॉटवरचा कर

शाळेला इमारत का नाही, हे मला विचारू नका राव. मी आष्ट्यात मास्तर होतो, शाळा भरायची देवळात. मळ्याचे प्लॉट पाडून विकणाऱ्या शेठजींवर कर बसवायचा आणि त्यातून शाळा बांधायची, यावर नगरपालिकेत वाद पेटलेला.

शेठजी म्हणायचे, "जागा मी विकतो. पोरं काय मी जन्माला घालतो व्हय?"

नगरसेवक पाटील उसळायचे, "मग नव्या घरातली पोरं आमी शिकवायची?"

गावात दुसरी मोठी जागा नाही, म्हणून बैठकही देवळातच. बैठक असली की शाळेला सुट्टी. शेवटी वैतागून म्हणालो, "आवं अध्यक्ष, आज तरी निकाल लावा. शाळा बुडतेय."

अध्यक्ष म्हणाले, "घाई कुणाला हाय मास्तर? तुमची पोरं तर रोज मलाच इचारत्यात, पुढची बैठक कवा?"